कल्हई की मोड?

भंडाऱ्याहून पवनीकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत अड्याळ लागते. दिवाळीच्या मागेपुढे धान विकले जाऊन त्याचे चुकारे खात्यावर जमा होऊ लागले, की या भागातील घराघरांत उसनवारीची फेड, लग्नकार्ये आणि घराची डागडुजी यांच्या जोडीने आणखी एक प्रश्न चर्चेला येतो: अंगणात उभी असलेली पंधरा वर्षांची मोटार आणखी सांभाळावी, की यंदा तिचा निरोप घ्यावा?

भंडारा पितळी भांड्यांसाठी विख्यात आहे, आणि या प्रश्नाचा निवाडा करण्याची रीत त्या भांड्यांनीच आपल्या आजी-पणजींना शिकवून ठेवली होती. पातेल्याची कल्हई उडाली तर ते कल्हईवाल्याकडे जाई, पोचा आला तर तो ठोकून काढला जाई. परंतु तळच झिजून पाणी झरू लागले, म्हणजे ते मोडीत घालून तिच्या वजनाच्या हिशेबात नवे भांडे घरी येई. भांडे किती वर्षांचे, हे कोणी विचारीत नसे. तळ शाबूत आहे की नाही, एवढे मात्र काळजीपूर्वक पाहिले जाई. मोटारीच्या बाबतीतही हाच विवेक आपल्याला तारील, अशी माझी श्रद्धा आहे.

प्रथम वयाविषयीचे भय दूर केले पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे ग्राह्य असते, आणि ही मुदत सरली म्हणजे गाडीही सरली असा समज गावोगाव दृढ झाला आहे. वास्तविक त्याच कायद्यात नूतनीकरणाची तरतूद आहे: मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत नमुना २५ मधील अर्ज परिवहन कार्यालयात रुजू करून गाडी तपासणीस हजर केली आणि ती सुस्थितीत आढळली, तर नोंदणी पुढील ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. पूर्वी ६०० रुपये असलेले हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आणि २० वर्षांवरील मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने ते १०,००० रुपयांवर गेले. राज्याचा पर्यावरण कर त्याहून निराळा. दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरील ज्या बंदीची वार्ता आपण ऐकतो, ती दिल्ली व तिच्या भोवतालच्या प्रदेशापुरती आहे. मुंबईची शेवटची नोंदणीकृत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तीही टॅक्सींना लागू असलेल्या २० वर्षांच्या मर्यादेमुळे. खाजगी मालकाच्या गाडीला ती मर्यादा लागू नाही. तात्पर्य, सरकार आपल्याला खर्च वाढवून सांगते. निर्णय मात्र आपल्याच हाती ठेवते.

आता तळाकडे वळू. जुन्या जीपगाडीला स्वतंत्र चेसिस असे आणि वरचा पत्रा कुजला तरी खालचा सांगाडा भार वाहत राही. आजच्या लहान मोटारीत पत्र्याचा सांगाडा हाच सर्व भार वाहतो, आणि म्हणूनच गंज हा तिचा खरा क्षयरोग होय. पावसाळ्याचे चार महिने ओल्या मातीवर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या दरवाज्यांच्या तळाशी असलेली पाणी निचरण्याची छिद्रे चिखलाने बुजतात आणि पत्रा आतून कुजू लागतो. यास्तव गाडी उंच चढवून मिस्त्रीसमवेत स्वतः खाली वाकावे. पायाखालच्या चटया उचलून जमीन पाहावी. दरवाज्यांखालच्या पट्ट्या, जॅक लावण्याच्या जागा आणि बॉनेट उघडून शॉकअ‍ॅब्सॉर्बर ज्या ठिकाणी बसतात त्या जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहाव्यात. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत आहे. भुगा झडला किंवा मूठ आत गेली तर रोग जुना आहे. जेथे रंग नवा दिसतो तेथे लोहचुंबक लावावे, कारण पत्र्याच्या जागी भरलेल्या लांबीला तो चिकटत नाही. बाहेरच्या पत्र्याचा गंज खरवडून बुजविता येतो; भार वाहणाऱ्या जागा पोखरल्या असतील, तर मोडीचा निर्णय तेथेच झाला असे समजावे.

याउलट इंजिनाची दुखणी बहुधा कल्हईची असतात. निळसर धूर निघत असेल तर ऑइल जळत आहे, काळा निघत असेल तर इंधन अधिक जात आहे, आणि गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर निघत राहिला व रेडिएटरातील पाणी कमी होत गेले, तर हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. क्लच प्लेट, ब्रेकचे लायनर आणि धानाच्या पोत्यांशेजारी वस्ती करणाऱ्या उंदरांनी कुरतडलेली वायर ही सारी बदलता येण्याजोगी आहेत. रबराची मात्र विशेष काळजी हवी. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते, आणि त्यासाठी न घडविलेल्या जुन्या गाड्यांतील इंधनाच्या नळ्या व सील यांची वेळोवेळी तपासणी करून त्या बदलणे हिताचे ठरते. टायरच्या कडेवरील शेवटच्या चार अंकांत त्याचा जन्म लिहिलेला असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा, नक्षी शाबूत असूनही रबर म्हातारे झालेले असू शकते.

पैशाच्या हिशेबात एक चूक सर्रास होते. गाडी विकून ६०,००० रुपये येतील आणि दुरुस्तीला ४०,००० लागतील, असे कळताच मनुष्य म्हणतो, की हा खर्च व्यर्थ आहे. परंतु दुरुस्तीची तुलना गाडीच्या बाजारभावाशी करणे अप्रस्तुत आहे, ती करावयाची तिच्या जागी येणाऱ्या गाडीच्या वार्षिक खर्चाशी. पाच लाखांचे कर्ज ९.५ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,५०० रुपये, म्हणजे वर्षाला सव्वा लाखाच्या वर जातो. धानाचे उत्पन्न वर्षातून एकदोनदा येते आणि हप्त्याचा तगादा दरमहा लागतो, हेही विसरू नये. म्हणून एका वहीत गाडीचा जमाखर्च लिहावा, आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किती झाला असता थांबावयाचे तो आकडा वर्षारंभीच मुक्रर करावा. गॅरेजात इंजिन उघडून पडलेले असताना माणसाचा निश्चय टिकत नाही.

तरीही एक उणीव कोणत्याही कल्हईने भरून निघत नाही. आघाताच्या वेळी फुगणारी चालकापुढील एअरबॅग आणि चाके जाम होऊ न देणारी ब्रेकयंत्रणा २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची झाली; त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांत ही दोन्ही नाहीत आणि गावच्या गॅरेजात ती बसविता येत नाहीत. अशा गाडीने शेतावर, बाजारात, आठवड्यातून एकदा भंडाऱ्याला जावे. महामार्गावरील रात्रीच्या वेगवान प्रवासाचा भार तिच्यावर टाकू नये. अड्याळसारख्या गावी मोटार ही अवघडलेल्या सुनेला अथवा छातीत कळ आलेल्या वडिलांना मध्यरात्री भंडाऱ्यास किंवा नागपुरास पोहोचविणारा आधार असते, आणि किल्ली फिरविताना त्या आधाराविषयी मनात शंका येऊ लागली, म्हणजे वहीतील आकडे काहीही सांगोत, निरोपाची वेळ झाली आहे.

तो निरोपही रीतसर द्यावा. केवळ वजनावर भंगारवाल्यास गाडी देऊन नोंदणी आपल्या नावे तशीच ठेवणे धोक्याचे असते, कारण दफ्तरी मालक आपणच राहतो. ऑगस्ट २०२१ मध्ये आरंभ झालेल्या धोरणानुसार नोंदणीकृत निष्कासन केंद्रात गाडी जमा केली असता ठेव-प्रमाणपत्र मिळते, आणि त्याच्या आधारे नव्या खाजगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना आहे. तेथे निघालेले पोलाद भट्टीत वितळून पुन्हा कोणत्या तरी उपयोगी वस्तूच्या रूपाने जगात परत येते. आपल्या आजीनेही झिजलेले पातेले मोडीत घालताना ते घासूनपुसून, लख्ख करून दिले असेल. ज्याने घराची सेवा केली त्याला विदा करण्याची ती तिची रीत होती, आणि तळ शाबूत असेतो त्याची निगा राखण्याचीही तीच होती.