विंडोज गायब झाली? फॉरमॅट करण्यापूर्वी थांबा!

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य थांबवले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक असल्याने धडधाकट चालणारे असंख्य संगणक एका दिवसात ‘जुने’ ठरले. अशा संगणकाच्या हार्ड डिस्कवर विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवणे, हा मार्ग अनेकांनी पत्करला. छत्रपती संभाजीनगरसारख्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या शहरात तर ही सोय पूर्वीपासूनच परिचित आहे. मुलाला प्रोग्रॅमिंगच्या अभ्यासासाठी लिनक्स हवे असते आणि त्याच संगणकावर वडिलांच्या दुकानाचे हिशेब टॅलीत असतात. टॅलीला विंडोज लागते. एकाच यंत्रावर दोन्ही प्रणाली सुखाने नांदतात आणि संगणक सुरू करताना येणाऱ्या यादीतून हवी ती निवडता येते.

अडचण येते ती एखाद्या दिवशी या यादीतून विंडोजचे नाव नाहीसे होते तेव्हा. विवरणपत्र भरण्याची मुदत तोंडावर असते, हिशेब विंडोजमध्ये असतात आणि पडद्यावर केवळ लिनक्स दिसते. घाबरलेला माणूस संगणक उचलून दुरुस्तीच्या दुकानात जातो आणि ‘फॉरमॅट करावा लागेल’ या सल्ल्याला मान डोलावतो. खरे नुकसान होते ते इथे. यादीतून नाव जाणे आणि हार्ड डिस्कवरून प्रणाली जाणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या रेल्वे स्थानकाचे उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे नाव बदलले, फलक बदलले, जुना संकेतही बदलला. रूळ मात्र होते तिथेच राहिले. संगणक सुरू होताना दिसणारी यादी हाही असाच एक फलक. लिनक्समध्ये तो फलक लिहिण्याचे काम ‘ग्रब’ नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो. त्याने एखादे नाव लिहिले नाही, तरी ती प्रणाली आपल्या जागी असू शकते आणि बहुतेक वेळा असतेच.

मग ग्रब ते नाव का लिहीत नाही? त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण गमतीचे आहे. डिस्कवरील इतर प्रणाली शोधण्याचे काम ‘ओएस प्रोबर’ हा साहाय्यक करतो. पूर्वी तो आपोआप चालत असे. मात्र जून २०२१ मध्ये आलेल्या ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून सुरक्षेच्या कारणास्तव त्याला मूळ रचनेतच बंद ठेवण्यात आले. कारण शोध घेताना तो डिस्कचा प्रत्येक अनोळखी विभाग उघडून पाहतो. परिणामी लिनक्सची आवृत्ती नवी केली, यादी पुन्हा लिहिली गेली आणि विंडोजचे नाव गळाले, असा अनुभव अनेकांना आला. बिघाड कुठेच नव्हता. शोधणाराच रजेवर होता!

उपायाकडे वळण्यापूर्वी एक खातरजमा करावी. संगणक सुरू होताच उत्पादकाने नेमून दिलेली कळ दाबावी. डेल व लिनोव्होच्या बहुतेक संगणकांवर ती एफ १२, तर एचपीवर एफ ९ असते. या कळीने मदरबोर्डची स्वतःची यादी उघडते. तिचा ग्रबशी संबंध नसतो. तिथे ‘विंडोज बूट मॅनेजर’ हे नाव दिसले आणि ते निवडल्यावर विंडोज सुरू झाली, तर काळजी मिटली. तातडीचे काम त्याच वाटेने उरकून घ्यावे आणि दुरुस्ती सवडीने करावी.

दुरुस्तीही लहानशीच आहे. लिनक्स सुरू करून ‘इटीसी’ फोल्डरमधील ‘डिफॉल्ट’ या उपफोल्डरात असलेली ‘ग्रब’ नावाची फाइल प्रशासकाच्या अधिकाराने उघडावी. तिच्यात ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ अशी ओळ असते; हे शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत, मध्ये अधोरेषा देऊन जोडलेले असतात. ओळीच्या आरंभी हॅशचे चिन्ह असल्यास ते काढावे आणि बरोबर या चिन्हापुढे ‘फॉल्स’ हा शब्द ठेवावा. ओळ नसेलच, तर शेवटी नवी लिहावी. फाइल साठवून टर्मिनलमध्ये ‘सुडो अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यावी. उबुंटू, डेबियन व त्यांच्या गोतावळ्यातील प्रणालींवर एवढे पुरते. आज्ञेच्या उत्तरात विंडोज बूट मॅनेजर सापडल्याची ओळ आली, की संगणक पुन्हा सुरू करावा. नाव यादीत परतलेले असेल.

इतके करूनही नाव आले नाही, तर दोन्ही प्रणाली वेगवेगळ्या पद्धतींनी बसवल्या गेल्या असण्याचा संभव आहे. जुनी पद्धत बायोसची, नवी यूईएफआयची. एक प्रणाली जुन्या व दुसरी नव्या पद्धतीने बसवली असेल, तर ग्रबला दोहोंचा मेळ घालता येत नाही. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपला, की ही पद्धत ठरवणारी नोंद मूळपदावर जाते आणि कालपर्यंत चालणारा संगणक आज अनोळखी वागू लागतो. काही रुपयांचा सेल बदलून नोंद पूर्ववत करणे, एवढाच त्यावर उपाय.

उलट प्रकारही घडतो: विंडोज दिसते, लिनक्स जाते. एक्सपीच्या काळात हे नित्याचे होते. डिस्कच्या आरंभीच्या ५१२ बाइट्सच्या जागेत सुरुवातीचा प्रोग्रॅम असे आणि विंडोज पुन्हा बसवताना त्यावर बेधडक स्वतःचा लिहून मोकळी होई. यूईएफआयमध्ये प्रत्येक प्रणालीला वेगळे फोल्डर असल्याने हा हैदोस कमी झाला. आता एखाद्या मोठ्या अपडेटनंतर बहुधा केवळ क्रम बदलतो आणि मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये लिनक्सचे नाव वर सरकवले, की भागते. तरी ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने धक्का दिलाच. दोन प्रणाली असलेल्या संगणकांना ते लागू होणार नाही, असे सांगितले गेले होते; प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ते लागू झाले आणि सुरक्षा धोरणाचा भंग झाल्याचा संदेश देऊन लिनक्स सुरू होईना. मायक्रोसॉफ्टने हा दोष मे २०२५ च्या अपडेटमध्ये दूर केला.

त्या वेळी पुष्कळांनी ‘सिक्युअर बूट’ ही सुविधा बंद करून वेळ निभावली. असा बदल करताना एक धोका ध्यानात ठेवावा लागतो. अनेक नव्या लॅपटॉपवर ‘बिटलॉकर’ने डिस्क कुलूपबंद असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सुरू होण्याच्या पद्धतीत बदल जाणवला, की विंडोज ४८ अंकी किल्ली मागते. ही किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवावी. किल्ली हाताशी नसेल, तर माहिती डिस्कवर शाबूत असूनही मिळत नाही.

मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये डिस्कच दिसत नसेल, तर मात्र प्रश्न यादीचा नाही, यंत्राचा आहे. केबल सैल असेल किंवा डिस्क निकामी झाली असेल. अशा वेळी दुकान गाठणेच योग्य. डिस्क दिसत असेल, तर लिनक्समधून किंवा पेनड्राइव्हवरून सुरू केलेल्या लिनक्समधून विंडोजचा विभाग उघडून हिशेबाच्या फाइल आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. फॉरमॅटचा विषय त्यानंतर काढावा.