गाळ्याचं घर करण्यापूर्वी

"नाहीतरी गाळ्याचं शटर बंदच असतं. मागच्या बाजूला ओटा घालून घेऊ आणि राहायला देऊ एखाद्या बिऱ्हाडाला!" किती सोपा वाटतो हा विचार! आपल्या रत्नागिरीत रामआळीसारख्या जुन्या बाजारपेठेत पुढे दुकान नि मागे घर, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. भिंती आपल्या, छप्पर आपलं, मग विचारायचं कुणाला?

विचारायचं नगरपरिषदेला, मैत्रिणींनो! महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे 'विकास' म्हणजे नुसतं बांधकाम नव्हे. इमारतीच्या वापरात ठळक बदल करणं हाही विकासच. एक वीट हलवली नाही तरी परवानगी हवी. ती न घेता वापर बदलला, तर तो गुन्हा ठरतो.

एवढी कटकट कशाला, असं वाटेल. पण बघा, दुकानात माणसं येतात नि जातात. घरात शेगडी पेटते, मुलं रात्री झोपतात. शटर हीच एकुलती एक वाट असेल, तर आग लागल्यावर बाहेर पडायचं कुठून? म्हणून राहत्या खोलीचा आकार, खिडकी, मोरी, संडास यांचे नियम दुकानाहून वेगळे असतात.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. हल्ली जागा बाईच्या नावावर घेतात. १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली, पण ती निवासी घरालाच. गाळ्यात संसार थाटला म्हणून कागदावर तो घर होत नाही. आणि उद्या नोटीस आली तर ती मालकिणीच्या नावे येईल, बरं का! तेव्हा सही करण्यापूर्वी एवढं कराच:

१. मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र मागून घ्या. त्यात वापर निवासी लिहिलाय की वाणिज्य, ते स्वतः वाचा.

२. विकास आराखड्यात ती जागा कोणत्या विभागात येते, याची नगरपरिषदेत चौकशी करा.

३. सोसायटी असल्यास तिचं ना-हरकत पत्र घ्या.

४. वास्तुविशारदाकडून नकाशे करून वापरबदलाचा रीतसर अर्ज द्या व पोच जपून ठेवा. निर्णयासाठी कायद्याने ६० दिवसांची मुदत घातली आहे. नकार आलाच, तर ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येतं.

५. परवानगी मिळाल्यावरच घरपट्टी व विजेच्या जोडणीचा प्रकार बदलून घ्या.

घरच्या घरी, नोकर न ठेवता शिवणकाम-भरतकाम करणाऱ्यांनी मात्र घाबरू नये. असा घरगुती व्यवसाय निवासी वापरातच बसतो.

शेवटी एकच सांगते. "घरपट्टी भरतोय ना, मग झालं!" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. घरपट्टीची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा. तिथे राहायची परवानगी नव्हे.