दूरशिक्षणातून व्यवस्थापनशास्त्राची मूलतत्त्वे : आयुर्वेद व्यावसायिकांच्या दृष्टीने एक विचार

– एक आयुर्वेद व्यावसायिक, पुसेगाव (ता. सेनगाव, जि. हिंगोली)

प्रास्ताविक

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद होत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात या प्रत्येक पादाचे चार-चार गुण वर्णिलेले आहेत. द्रव्याच्या गुणांत 'बहुता' म्हणजे औषध पुरेशा प्रमाणात उपलब्ध असणे, आणि 'संपत्' म्हणजे ते रस-वीर्यादींनी संपन्न असणे, यांचा समावेश आहे. उपस्थात्याच्या ठिकाणी उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच अपेक्षिलेले आहे. हे गुण केवळ वैद्याच्या शास्त्रज्ञानाने निर्माण होत नाहीत. औषध वेळेवर आणि वीर्यवान अवस्थेत रुग्णाच्या हाती पडणे, सेवकवर्ग दक्ष व संतुष्ट असणे, या गोष्टी व्यवस्थेवर अवलंबून आहेत.

आमच्या पिढीच्या बी.ए.एम.एस. अभ्यासक्रमात व्यवस्थापन हा स्वतंत्र विषय नव्हता. पदवी घेऊन गावात बसलेल्या वैद्याला निदान येते, कल्पना ठाऊक असतात, परंतु कोणते औषध किती घ्यावे, उधारी किती द्यावी, सेवकास काम कसे नेमून द्यावे, हे त्यास कोणी शिकविलेले नसते. एखादा ग्रामीण दवाखाना किंवा लहान फार्मसी बंद पडते, तेव्हा पुष्कळदा चिकित्सा निष्फळ ठरलेली नसते. हिशेब फसलेला असतो. दवाखाना न सोडता हे शास्त्र शिकण्याचा मार्ग दूरशिक्षणाने खुला केला आहे. त्याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

व्यवस्थापनाची मूलतत्त्वे आणि आपले ग्रंथ

आधुनिक व्यवस्थापनशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांत हेन्री फेयॉल (१८४१-१९२५) यांची गणना होते. हे गृहस्थ मूळचे फ्रान्समधील खाण अभियंता. १८८८ मध्ये डबघाईला आलेल्या एका खाण कंपनीची सूत्रे त्यांनी हाती घेतली आणि १९१८ पर्यंत ती यशस्वीपणे सांभाळली. १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी व्यवस्थापनाची पाच कार्ये सांगितली : नियोजन, संघटन, आदेश, समन्वय आणि नियंत्रण. कार्यविभागणी, अधिकार व जबाबदारी यांची जोड, आदेशातील एकवाक्यता, योग्य मोबदला, सुव्यवस्था, समन्याय इत्यादी चौदा तत्त्वेही त्यांनी मांडली. तांत्रिक विद्यालये तंत्र शिकवितात, पण कारभार शिकवीत नाहीत. वस्तुतः कारभारही शिकविता येतो, हे त्यांचे आग्रही प्रतिपादन होते. आपल्या क्षेत्रासही ते तंतोतंत लागू पडते.

आपल्या संहितांना हा विचार परका नाही. चरकाच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात कार्यारंभापूर्वी कारण, करण, कार्ययोनि, कार्य, कार्यफल, अनुबंध, देश, काल, प्रवृत्ति आणि उपाय या दहा गोष्टींची परीक्षा करावी असे सांगितले आहे. नियोजनाची याहून नेमकी चौकट क्वचितच सापडेल. सूत्रस्थानातील उपकल्पनीय अध्यायात तर वमन-विरेचनापूर्वी सिद्ध ठेवावयाचे गृह, त्यातील पाण्याची, स्नानाची व पाकाची सोय, सेवकांचे गुण, उपकरणे व औषधे यांची सविस्तर यादी आहे. त्यामागील कारणही दिले आहे. व्यापद् उत्पन्न झाल्यावर, बाजारात वस्तू विकत मिळत असली तरी, ऐन वेळी ती यथायोग्य जमविणे सोपे नसते. साठा का ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर आधुनिक व्यवस्थापनशास्त्रही हेच देते.

दवाखान्यातील उपयोजन

१) साठ्याचे नियंत्रण : औषधांची वार्षिक खर्चानुसार उतरत्या क्रमाने यादी करावी. समजा दवाखान्यात ८० औषधे आहेत. त्यांपैकी पहिली १५-२० औषधेच एकूण खर्चाचा मोठा भाग व्यापतात असा सर्वसाधारण अनुभव आहे. या 'अ' वर्गावर दर आठवड्यास नजर ठेवावी. 'ब' वर्ग महिन्यास व 'क' वर्ग तिमाहीस पाहिला तरी चालतो. मात्र खर्च अल्प असूनही जी औषधे आत्ययिक अवस्थेत लागतात, त्यांवर वेगळी खूण करून ती कधीही संपू देऊ नयेत.

त्यानंतर प्रत्येक महत्त्वाच्या औषधाची पुनर्मागणीची पातळी ठरवावी. दशमूलारिष्टाच्या रोज २ बाटल्या लागतात आणि मागणीनंतर माल येण्यास १० दिवस लागतात असे धरल्यास २० बाटल्या आवश्यक होत. पावसाळ्यात वाहतूक अडली तर हाताशी असाव्यात म्हणून आणखी ६ धराव्यात. म्हणजे साठा २६ बाटल्यांवर आला की मागणी गेलीच पाहिजे. वर्षा ऋतूत कुटजारिष्टासारख्या औषधांची ही पातळी वाढवावी लागते. ऋतुचर्या जाणणाऱ्या वैद्यास हे वेगळे सांगावयास नको.

येथे शास्त्र आणि हिशेब एकत्र पाहणे अगत्याचे आहे. शार्ङ्गधराने पूर्वखंडात चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, गुटिका व अवलेह एक वर्षानंतर, कच्चे औषध एक वर्षानंतर, तर आसव, धातू व रस जुने होत जातील तसे गुणयुक्त होतात असे म्हटले आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम १६१-ब अन्वये चूर्णास दोन वर्षांची, तर आसव-अरिष्टास दहा वर्षांची मुदत आहे. आता कंपनीचा प्रतिनिधी '१० वर २ मोफत' अशी स्कीम घेऊन आला असता काय करावे? बारा नगांमागे दोन फुकट म्हणजे प्रत्येक नग सुमारे १७ टक्क्यांनी स्वस्त पडतो. भांडवल मोकळे असेल तर अरिष्टाच्या बाबतीत ही स्कीम लाभदायक आहे. पण त्या बारा नगांचे चूर्ण संपण्यास दहा महिने लागणार असतील, तर कायद्याने ते वैध असूनही शास्त्रदृष्ट्या रुग्णाच्या वाट्यास हीनवीर्य औषध येते. १७ टक्के वाचविण्यासाठी गुण गमावणे हा सौदा नव्हे. चूर्ण दोन महिन्यांच्या गरजेपुरतेच घ्यावे, किंवा अख्खे द्रव्य आणून लागेल तसे कुटावे. आधी येणारा माल आधी खपवावा, त्याहीपेक्षा ज्याची मुदत आधी संपते तो आधी खपवावा, हा नियम कपाटाच्या मांडणीतच पाळला गेला पाहिजे : नवा माल मागे, जुना पुढे.

२) उधारी आणि रोकड : आमचे पुसेगाव सेनगाव तालुक्यातील, साताऱ्याच्या पुसेगावाशी त्याचा घोटाळा करू नये. येथील व्यवहार सोयाबीन आणि हळदीच्या पिकावर चालतो. सोयाबीन विकले की दसरा-दिवाळीच्या सुमारास पैसा येतो, हळद शिजवून-वाळवून बाजारात गेली की उन्हाळ्यात येतो. जून ते सप्टेंबर हा काळ पेरणी, खते आणि फवारणीचा, म्हणून उधारीचा. रोगही नेमके याच काळात वाढतात.

हे गणित उदाहरणाने पाहू. दरमहा भाडे, पगार, वीज मिळून १८,००० रुपये स्थिर खर्च आहे. प्रत्येक रुग्णाकडून औषधासह १०० रुपये मिळतात व त्यात औषधाचा खर्च ४० रुपये आहे. म्हणजे रुग्णामागे ६० रुपये उरतात आणि ३०० रुग्णांवर स्थिर खर्च भरून निघतो. महिन्याचे २५ दिवस धरले तर रोज १२ रुग्ण. हा ना-नफा-ना-तोटा बिंदू होय. आता या ३०० पैकी १०० रुग्ण उधारीचे असतील, तर हाती २०,००० रुपये येतात. खर्च मात्र १८,००० अधिक औषधांचे १२,००० असा ३०,००० होतो. कागदावर तोटा शून्य, गल्ल्यात दरमहा १०,००० ची तूट, चार महिन्यांत ४०,००० ची. वैद्याची प्रॅक्टिस उत्तम चालली असता घाऊक विक्रेत्याचे देणे का थकते, याचा उलगडा येथे होतो.

उधारी बंद करणे हा यावरील उपाय नव्हे. आपल्या गावात ते शक्य नाही आणि उचितही नाही. सुगीच्या दिवसांतील वसुलीतून पावसाळ्यासाठी तेवढी रक्कम बाजूला ठेवणे, पुरवठादाराशी त्या चार महिन्यांपुरती वाढीव मुदत आधीच ठरविणे, आणि उधारीची वही दर आठवड्यास पाहणे हा उपाय आहे. नियोजन म्हणतात ते हेच.

३) सेवकवर्ग : फेयॉल यांच्या तत्त्वांपैकी आदेशातील एकवाक्यता हे तत्त्व लहान दवाखान्यास सर्वाधिक लागू आहे. वैद्यबुवा एक सांगतात, घरातील मंडळी दुसरे सांगतात आणि पुडी बांधणारा सेवक तिसरेच करतो, असे चित्र सर्वत्र दिसते. कोणी कोणाचे ऐकावयाचे हे एकदा ठरवून द्यावे. कामाची यादी लिहून भिंतीवर लावावी. पगार ठरलेल्या तारखेस द्यावा. चांगले काम केल्यास चार लोकांत शाबासकी द्यावी आणि चूक झाल्यास एकांतात समज द्यावी. 'अनुराग' हा उपस्थात्याचा गुण असला तरी तो निर्माण करणे स्वामीच्या हाती आहे.

४) फार्मसीचालकांसाठी : २००० साली परिशिष्ट 'टी' अन्वये आयुर्वेदीय औषधनिर्मितीस उत्तम निर्मितीप्रणालीचे निकष लागू झाले. किमान १,२०० चौरस फूट जागा, कच्च्या मालाची वेगळी साठवण, प्रत्येक घाणीच्या निर्मितीची नोंद, गुणवत्ता तपासणी या अटी त्यात आहेत. स्वतःच्याच रुग्णांसाठी औषध बनविणारा व बाजारात न विकणारा नोंदणीकृत वैद्य यातून वगळलेला आहे. अनेक फार्मसीचालक या नोंदींकडे निरीक्षकासाठी भरावयाचे कागद म्हणून पाहतात. प्रत्यक्षात त्या नियंत्रण या पाचव्या कार्याच्या साधन आहेत. अमुक घाणीत अवलेह का बिघडला, तमुक व्यापाऱ्याच्या हिरड्यात घट का अधिक आली, याचे उत्तर त्या नोंदवहीतच मिळते.

दूरशिक्षणाची सोय

हे सारे पद्धतशीर शिकावयाचे कोठे? दवाखाना बंद ठेवून शहरात दोन वर्षे जाणे कोणास शक्य आहे? भारतात पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबाद येथे स्थापन झाले, १९८५ मध्ये दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले हे होत. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद असून हिंगोली जिल्ह्यासाठी नांदेड येथील विभागीय केंद्र जवळचे आहे.

या पद्धतीत स्वयंअध्ययनाची पुस्तके, अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रे, घरी लिहावयाचे स्वाध्याय व सत्रांत परीक्षा असे चार घटक असतात. एक श्रेयांक म्हणजे सुमारे ३० तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांच्या एका विषयास १२० तास लागतात. दुपारच्या विश्रांतीच्या वेळेतील रोज एक तास दिला तरी तो चार महिन्यांत पुरा होतो. एकदम एम.बी.ए.च्या मागे लागण्याची आवश्यकता नाही. प्रथम व्यवस्थापनाची कार्ये, लेखाकर्म आणि साठा नियंत्रण एवढे विषय ज्यात आहेत असा प्रमाणपत्र किंवा पदविका अभ्यासक्रम पाहावा.

ज्यांना आधी चाचपून पाहावयाचे आहे, त्यांना इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची पाठ्यपुस्तके 'ई-ज्ञानकोश' या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. २०१७ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या 'स्वयम्' या मंचावरही व्यवस्थापनाचे पाठ उपलब्ध असून त्यांच्या समन्वयाचे काम बेंगळुरूच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेकडे आहे. यातील बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे, ही अडचण खरी. तीन-चार वैद्यांनी मिळून वाचन करावे, ज्याचे इंग्रजी बरे आहे त्याने इतरांस समजावून द्यावे.

प्रवेश घेताना दोन गोष्टी कटाक्षाने पाहाव्यात. पहिली, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाने त्या वर्षासाठी त्या संस्थेस व त्या अभ्यासक्रमास मान्यता दिली आहे का. जाहिरातीवर विसंबू नये. दुसरी, या पदविकेने आपल्या वैद्यकीय नोंदणीत काहीही भर पडत नाही. चिकित्साविषयक पदवी दूरशिक्षणाने मिळत नाही, आणि मिळते असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे.

स्वाध्याय लिहिताना पुस्तकातील कारखान्याची उदाहरणे उतरवून काढू नयेत. आपल्याच दवाखान्याची औषधयादी, आपलीच उधारीची वही घेऊन उत्तर लिहावे. गुण कदाचित तितकेच मिळतील, पण दवाखाना सुधारेल.

एक आक्षेप

काही ज्येष्ठ वैद्य म्हणतात की हे सारे व्यापाऱ्याचे शास्त्र आहे, वैद्याचे नव्हे. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. चिकित्सा विकावयास काढणारा सोन्याची रास सोडून धुळीचा ढीग उचलतो, असा चरकाचा भावार्थ आहे. व्यवस्थापनाच्या पुस्तकांतील विक्रीचे लक्ष्य जर चिठ्ठीवरील औषध ठरवू लागले, तर तो आक्षेप खरा ठरेल. म्हणून मर्यादा स्पष्ट असावी : काय द्यावयाचे हे दोष, दूष्य, बल, काल पाहून शास्त्रच ठरवील, ते वेळेवर, ताजे, रास्त दरात व अचूक मात्रेत कसे पोहोचेल, एवढेच व्यवस्थापन पाहील. रुग्ण हा पाद आहे, गिऱ्हाईक नव्हे.

परंतु विचार करावा. ज्या वैद्याच्या गल्ल्यात तूट आहे, त्यालाच स्कीमचा मोह अधिक पडतो, जुने चूर्ण टाकून देण्यास त्याचाच हात कचरतो. हिशेब नीट असलेला वैद्य निर्लोभ राहू शकतो.

उपसंहार

आपल्या संघटनेच्या तालुका शाखांनी व्यवस्थापनाच्या पुस्तकांचा एक-एक संच ठेवावा, आणि मासिक बैठकीत रुग्णचर्चेबरोबर अर्धा तास साठा व हिशेब यांच्या चर्चेस द्यावा, अशी सूचना आहे. ज्यांना प्रवेश घेणे शक्य नाही, त्यांनी निदान या महिन्यात दोन कामे करावीत : औषधांची खर्चानुसार यादी, आणि कपाटातील प्रत्येक चूर्णाच्या डब्यावर आणल्याची तारीख. गावात वैद्य टिकला तरच गावाला आयुर्वेद मिळेल. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.