मुंबईचा सर्व्हर, सुरतचा फोन

कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क (सीडीएन) फोटो, व्हिडिओ आणि मजकुराच्या प्रती ग्राहकाजवळच्या सर्व्हरवर ठेवते. ऑप्टिकल फायबरमधून संदेश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सुरतहून मुंबईला जाऊन यायला त्याला ३ मिलिसेकंद लागतात, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला किमान १२५. आणि एक पान उघडताना अशा फेऱ्या अनेक होतात.

मोबाइलवर खरी कसोटी फोन ते टॉवर या टप्प्याची. सुरतच्या रिंग रोडवरील कापड बाजारात भर गर्दीत एकच टॉवर असंख्य फोनांत वाटला जातो. तिथे साडीचा कित्येक एमबींचा फोटो जसाच्या तसा पाठवणे चूकच. सीडीएनने तो स्क्रीनच्या रुंदीला बेतून वेबपी किंवा एव्हीआयएफ स्वरूपात द्यावा. जरीचे बारकावे झूम केल्यावरच मागवावेत. दुकानाच्या वायफायमधून ग्राहक रस्त्यावर आला की आयपी पत्ता बदलतो आणि जुनी जोडणी तुटते. २०२२ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीटीपी/३ या वेब प्रोटोकॉलमुळे ती टिकू शकते.

एक दोष मात्र सहज नजरेआड होतो. संकेतस्थळाच्या नावावरून आयपी पत्ता शोधून देणारा डीएनएस सर्व्हर कुठे आहे, यावरून सीडीएन अनेकदा जवळचा सर्व्हर ठरवते. फोनचा डीएनएस सर्व्हर दिल्लीत असेल, तर सुरतच्या ग्राहकालाही दिल्लीचीच प्रत मिळू शकते. डीएनएसच्या विचारणेसोबत ग्राहकाच्या आयपी पत्त्याचा काही भाग पाठवला, तर सीडीएनला मुंबईचा सर्व्हर निवडता येतो.