विमानातून पाळीव प्राण्यांचा प्रवास

विमानातून पाळीव प्राण्यांचा प्रवास म्हणजे मांजर, कुत्रा किंवा सहाय्यक श्वान यांना प्रवासी विमानातून नेणे होय. भारतात पाळीव प्राणी स्वीकारावा की नाही, हे विमान कंपनी ठरवते.

कंपन्यांचे नियम
आकासा एअरने नोव्हेंबर २०२२ पासून मांजरे व कुत्रे नेण्यास सुरुवात केली. त्या वेळी पिंजऱ्यासह ७ किलोपर्यंतचा प्राणी प्रवासी कक्षात नेता येई. त्याहून जड प्राणी मालकक्षात ठेवला जाई. इंडिगो पाळीव प्राणी स्वीकारत नाही. त्यामुळे श्रीरामपूरहून शिर्डी विमानतळ जवळ असला, तरी प्राण्यासह निघालेल्या प्रवाशाला कंपनी पाहून पुणे किंवा मुंबई गाठावी लागू शकते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उष्णतेत श्वसनाचा त्रास होतो, म्हणून अनेक कंपन्या त्यांना मालकक्षात घेत नाहीत.

सहाय्यक श्वान
अंध व्यक्तीचा प्रशिक्षित मार्गदर्शक श्वान पाळीव प्राणी मानला जात नाही. प्रशिक्षण व लसीकरणाची प्रमाणपत्रे दाखविल्यावर तो सामान्यतः विनाशुल्क, मालकाच्या पायाशी बसून प्रवास करतो. इंडिगोही असा श्वान स्वीकारते.

परदेश प्रवास
भारतातून युरोपीय संघात जाणाऱ्या प्राण्यास मायक्रोचिप व रेबीजची लस आवश्यक असते. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त तपासतात आणि नमुना घेतल्यापासून ३ महिने थांबावे लागते. म्हणून स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाने तयारी किमान ४ महिने आधी सुरू न केल्यास प्राणी मागे राहण्याची वेळ येते.