लपण्याचे रंग आणि चिमुकलें विमान

खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढें प्लॅस्टिकचें विमान जोडावें आणि रंगवावें, हा छंद आतां आपल्या सातारा-सांगलीकडील कांहीं घरांतही शिरला आहे. टपालानें खोकें येतें; त्यांत सांच्यांतून काढलेले भाग, जोडणीचा कागद आणि पाण्यांत भिजवून चिकटवावयाचीं चिन्हें असतात. जोडणी दोन-चार संध्याकाळीं उरकते. घोडें पेंड खातें तें रंगापाशीं. पाठीवर तपकिरी आणि हिरवा रंग चढतो, नमुना कागदाबरहुकूम उतरतो, आणि तरीही मुलगा येऊन विचारतो, "गुरुजी, हें खेळण्यासारखें कां दिसतें?" रंग बरोबर असूनही विमान खोटें दिसावें, याचें कारण हाताच्या कसबापेक्षां आपल्या पाहण्यांत अधिक आहे. नभोवाणीवर रंग दाखवितां येत नाहींत ही अडचण आहेच. पण जें सांगावयाचें आहे तें बहुतेक सर्व आपणांस खिडकीबाहेर पाहावयास मिळेल.

प्रथम हे पट्टे कशासाठीं, तें पाहूं. इंग्रजींत यास कॅमूफ्लाज म्हणतात. आपण मायावरण म्हणूं. पुष्कळांची समजूत अशी कीं विमानावर झाडांचें चित्र काढलें म्हणजे तें झाडांत लपतें. तसें नाहीं. डोळा वस्तु ओळखतो ती मुख्यतः तिच्या कडेवरून. तपकिरी आणि हिरवा असे दोन बेढब ठिगळांचे रंग पंखावरून धडावर, धडावरून दुसऱ्या पंखावर ओढले, म्हणजे पंख कोठें संपला आणि जमीन कोठें सुरू झाली हें वरून पाहणाऱ्यास चटकन् उमगत नाहीं. कड मोडणें हें मर्म. रंग जमिनीशीं जुळणें हें त्याच्या जोडीला. माळावरच्या टिटवीचीं अंडीं ज्यानें शोधलीं असतील त्यास हें सांगावयास नको. मातकट रंगावर काळपट डाग, आणि पुढ्यांत असूनही दिसत नाहींत.

दुसरी युक्ति पोटाकडची. कृष्णेंतील मासा वरून काळसर आणि पोटाला पांढुरका असतो. ऊन पाठीवर पडतें, पोट सावलींत राहतें. पाठ गडद आणि पोट फिकट असलें म्हणजे उजेड-सावलीचा हा भेद पुसला जातो आणि अंगाचा गोलवा नाहींसा होतो. ॲबट थेयर नांवाच्या अमेरिकन चित्रकारानें १८९६ सालीं हा नियम मांडला. चित्रकाराला तो सुचला यांत मला नवल वाटत नाहीं. गोलवा दाखवावयाचा कसा हें ज्याला ठाऊक, त्यालाच तो लपवावयाचा कसा हें कळणार. पहिल्या महायुद्धांत, १९१५ मध्यें, फ्रेंच सैन्यानें या कामासाठीं चित्रकारांचें एक पथकच उभें केलें होतें.

आतां रंगविण्यासाठीं विमान कोणतें घ्यावें? मी मुलांस हरिकेन घ्यावयास सांगतों. स्वस्त पडतें, आणि त्याच्याशीं आपलें नातें आहे. १९४४ च्या फेब्रुवारींत भारतीय वायुसेनेची पहिली तुकडी अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखालीं हीच विमानें घेऊन इंफाळला गेली. जपानी फौजांच्या हालचाली टिपण्यासाठीं त्यांना रानावरून बरेंच खालून उडावें लागे. त्याच मार्चमध्यें इंफाळच्या ईशान्येस सांगशाक येथें मराठा पलटणीची चौथी बटालियन झुंजत होती. तेव्हां आपल्या जिल्ह्यांतील कोणाच्या आजोबांनीं तीं विमानें डोक्यावरून जातांना पाहिलीं असल्यास आश्चर्य नाहीं. मुंबईचे हृषीकेश मुळगावकर, जे पुढें १९७६ ते १९७८ या काळांत वायुसेनाप्रमुख होते, तेही ब्रह्मदेशच्या आघाडीवर उडालेले वैमानिक. गंमत अशी कीं हरिकेनचा तपकिरी-हिरवा नमुना मुळांत इंग्लंडच्या शेतां-कुरणांसाठीं योजलेला. तोच ब्रह्मदेशच्या रानावरही चालविला गेला.

मायावरणावांचून काय होतें हेंही आपण पाहिलें आहे. १९६५ च्या युद्धाच्या आरंभीं आपलीं बरींच विमानें चांदीसारखीं चकचकीत होतीं. ६ सप्टेंबर रोजीं पठाणकोटच्या तळावर शत्रूच्या हल्ल्यांत जीं विमानें उभ्या उभ्या नष्ट झालीं, त्यांत नवीं मिग-२१ होतीं. केवळ रंगामुळें तीं गेलीं असें कोणी म्हणणार नाहीं. पण उन्हांत चमकणारी वस्तु शोधावी लागत नाहीं. १९७१ पर्यंत मिगवर हिरव्या-तपकिरी रंगांचे नाना नमुने चढले होते.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. अजिंक्यताऱ्यावर उभें राहून सकाळीं पश्चिमेकडे पाहावें. पायाशीं झाडें हिरवीगार. यवतेश्वराच्या उतारावरचीं तींच झाडें करडीं. त्यामागचे डोंगर निळसर. मधल्या हवेचा पडदा रंग पुसतो, म्हणून तर दुरून डोंगर साजरे! यावरून छंदी मंडळी असा हिशेब मांडतात: बहात्तराव्या हिश्श्याचें विमान दोन फुटांवरून पाहणें म्हणजे खरें विमान एकशें चव्वेचाळीस फुटांवरून पाहणें, तेव्हां रंग तितका फिका करावा. निष्कर्ष बरोबर आहे, पण कारण मला अपुरें वाटतें. दीडशें फूट स्वच्छ हवा रंग असा कितीसा पुसणार? खरें कारण उजेडाचें असावें. भर दुपारचें ऊन सुमारें एक लाख लक्स, आणि आपल्या बैठकीच्या खोलींतला दिवा कांहीं शें लक्स. जो रंग उन्हांतल्या चाळीस फूट पंखावर तपकिरी दिसतो, तोच दिव्याखालीं सतरा सेंटिमीटरच्या पंखावर काळवंडलेला दिसतो. म्हणून डबीवर नांव कितीही अचूक असो, दहा थेंबांस एक थेंब पांढरा मिसळावा. अगदीं काळा रंग तर वापरूंच नये. चाकांच्या धावांना गडद करडा पुरे.

तयार डब्या न मिळाल्यास अडत नाहीं. तपकिरींत पिवडी आणि किंचित् पांढरा घातला कीं मातीचा रंग साधतो. हिरव्यांत थोडा काळा आणि थोडी पिवडी घातली कीं रानाचा. आधीं टाकाऊ तुकड्यावर लावून, वाळूं देऊन पाहावा, कारण ओला रंग फसवितो.

रंगविण्यापूर्वीं भाग साबणाच्या पाण्यानें धुवावे. सांच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाहीं. मग करड्या रंगाचें पातळ अस्तर. पोटाचा फिकट रंग आधीं, पाठीचा तपकिरी नंतर, आणि तो पुरता वाळल्यावर शिसपेन्सिलीनें नमुना आंखून हिरवा शेवटीं. रंग दुधासारखा पातळ असावा आणि दोन हात द्यावे, दुसरा पहिल्यास आडवा. घाईनें एकच जाड थर दिला कीं पत्र्यांच्या जोडांच्या नाजूक रेषा बुजतात, आणि त्या एकदां बुजल्या म्हणजे परत येत नाहींत. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा मूर्तिकार श्वास रोखून एका ओढींत रेघ काढतो. दोन रंगांच्या सीमेवर कुंचला तसा चालावा.

ही सीमा धूसर असावी कीं रेखीव, यावर मुलांचें मोठें भांडण असतें. खऱ्या विमानावर फवाऱ्यानें रंग देतांना सीमेवर समजा इंचभर धूसरपणा आला. त्याचा बहात्तरावा हिस्सा म्हणजे मिलिमीटरचा एक तृतीयांश! यंत्रानें फवारून बोटभर धूर उठविण्यापेक्षां कुंचल्याची स्वच्छ कडच सत्याच्या अधिक जवळ जाते. ज्यांच्यापाशीं फवारायंत्र नाहीं त्यांनीं खंत करूं नये.

राहतां राहिलीं चिन्हें. येथें मायावरणाचा दुसरा धर्म येतो: शत्रूला दिसावयाचें नाहीं, पण मित्राला ओळखूं यावयाचें. ब्रिटिश वर्तुळचिन्हांत मध्यें लाल ठिपका असे, आणि जपानी विमानांवर तांबडा गोळा. क्षणार्धांत निर्णय घेणाऱ्या आपल्याच तोफखान्यानें आपलें विमान पाडूं नये म्हणून पूर्वेकडील आघाडीवर हा लाल ठिपका काढून टाकला. मध्यें फिकट निळा आणि भोंवतीं गडद निळा एवढेंच राहिलें. पुढें १९४५ सालीं तर लढाऊ विमानांच्या पंखांवर आणि शेपटीवर ठळक पांढरे पट्टे ओढले. एवढ्या कष्टानें मोडलेली कड त्यांनीं पुन्हां उघडी पाडली. पण मित्राच्या गोळीचें भय तेवढें मोठें होतें. खोक्यांत पुष्कळदां युरोपांतलीं लाल ठिपक्याचीं चिन्हें येतात. तीं इंफाळच्या विमानावर लावणें म्हणजे त्या वैमानिकाला स्वतःच्याच तोफांपुढें उभें करणें होय. म्हणून आधीं साल ठरवावें, मग चिन्ह उचलावें.

चिन्हें लावण्यापूर्वीं चकचकीत व्हार्निशचा एक हात द्यावा. खरबरीत रंगावर त्यांच्याखालीं हवा अडकून चांदीसारखी झांक मारते. चिन्हें पक्कीं बसल्यावर एक रात्र जाऊं द्यावी आणि मग सर्व विमानावर चमक मारणारें, म्हणजे मॅट, व्हार्निश पातळसें फिरवावें. वैमानिकाच्या पारदर्शक कांचेस मात्र तें लागूं देऊं नये. ती आधींच कागदाच्या पट्टीनें झांकून ठेवावी.