मोठा आवाज नेमका कुणाला हवा होता?

गाणं ध्वनिमुद्रित होतं, मिक्स होतं आणि शेवटी मास्टरिंगला जातं. सुरांचा आणि वाद्यांचा तोल तिथे अखेरचा तपासला जातो. याच टप्प्यावर नव्वदच्या दशकात एक चढाओढ तीव्र झाली: आपलं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा मोठ्याने वाजलं पाहिजे. 'लोकांनाच दणदणाट आवडतो' असं तिचं समर्थन अजूनही केलं जातं. मला ते पटत नाही. ही चढाओढ तुलनेच्या आणि मोजमापाच्या चुकीच्या पद्धतीतून वाढली. मोजमाप बदललं, तेव्हा कुठे तिचा आधार ढासळू लागला.

मुळाशी कानाचा एक स्वभाव आहे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी 1933 मध्ये दाखवून दिलं, की आवाज हळू असला की खर्जाचे स्वर कानाला फारच कमी लागतात. आवाज वाढवला की ते भरून येतात. म्हणून तेच गाणं पाठोपाठ दोनदा लावलं आणि दुसऱ्यांदा जरा मोठं ठेवलं, तर दुसरं उगाचच चांगलं वाटतं. एलपीवर या मोहाला आळा होता. आवाज वाढवला की खाच रुंदावते आणि एका बाजूला मावणारी मिनिटं घटतात. 1982 मध्ये सीडी आली. तिच्यात आवाजाच्या टोकाला पक्कं छत होतं, पण त्याखाली सरासरी आवाज किती असावा यावर बंधन नव्हतं. सुमारे 96 डेसिबलचा पल्ला हाताशी आला, पण पुढे अनेकांनी त्यातला वरचा चिंचोळा पट्टाच वापरला.

सगळा आवाज त्या वरच्या पट्ट्यात आणण्याचं काम लिमिटर करतो. तो आवाजाची टोकं दाबतो, मग बाकीचं सगळं वर उचलता येतं. ख्यालाचं मुद्रण डोळ्यांपुढे आणा. आलापाच्या सुरुवातीचा षड्ज अगदी हलका असतो, द्रुतातली तान आणि तबला कितीतरी मोठे. लिमिटर सढळ हाताने लावला, की तबल्याच्या बोलाचा पहिला, काही सहस्रांश सेकंदांचा आघात चिरडतो आणि 'धा' बोथट होतो. दोन बोलांच्या मध्ये तानपुरा वर उसळतो, बोल वाजला की दबतो. विलंबित आणि द्रुत एकाच उंचीवर येतात. मैफल ज्या चढावर उभी असते, तो चढच सपाट होतो.

श्रोत्यांना हेच हवं होतं का? 2008 मध्ये मेटॅलिका या मेटल बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम आला. तीच गाणी 'गिटार हीरो' या खेळातही होती आणि तिथे ती कमी दाबलेली होती. चाहत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकली. सीडीवरची फाटकी वाटली, आणि नव्याने मास्टरिंग करा म्हणून हजारोंनी सह्या केल्या. हे धडाकेबाज मेटलचे रसिक होते. शांत संगीतासाठी हळहळणारे नव्हेत.

लोकल किंवा मोटारीच्या गोंगाटात हलका आवाज बुडून जातो, हा आक्षेप मात्र खरा आहे. पण तिथे आवाज दाबण्याचं काम ऐकण्याचं यंत्र करू शकतं, गरज पडेल तेव्हाच. मुद्रणातच चिरडलेला आघात घरी शांतपणे ऐकणाऱ्याला परत मिळत नाही. काही शैलींना दाबलेला आवाजच शोभतो, हेही मान्य. तिथे ती कलावंताची निवड असते, शेजाऱ्याची धास्ती नव्हे.

बदल आला तो कानाला जाणवणारी सरासरी पातळी मोजण्यातून. त्यासाठीचं आंतरराष्ट्रीय मानक 2006 मध्ये ठरलं, 2010 मध्ये युरोपीय प्रसारकांनी उणे 23 एलयूएफएसची (एलयूएफएस हे या मोजमापाचं एकक) पातळी स्वीकारली, आणि अमेरिकेत त्याच वर्षी केलेल्या कायद्याने टीव्हीवरच्या जाहिरातींना कार्यक्रमापेक्षा मोठ्याने वाजायला मनाई झाली. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर गाणी उणे 14 च्या आसपास आणतं. म्हणजे उणे 8 वर मास्टर केलेलं गाणं 6 डेसिबलने खाली ओढलं जातं. उरतं काय? दाबलेले आघात तेवढे उरतात, मोठेपणा जातो.

तरीही भडक मास्टरिंग थांबलेलं नाही. गाण्यांची पातळी सारखी करणारी ही सोय बंद करून ऐकणारे आहेत, आणि संगीतकाराला दाखवायची कच्ची प्रत अजूनही तुलनेतच ऐकली जाते. जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या 'रीमास्टर्ड' आवृत्त्यांचं दुखणं तर याहून मोठं आहे, कारण बाजारात पुष्कळदा तेवढीच आवृत्ती उरते. मास्टरिंगच्या आधीचं मूळ मिक्स सांभाळून ठेवलं असेल, तरच त्यांची दुरुस्ती होऊ शकते. म्हणून ध्वनिमुद्रण कंपन्यांनी नव्या आवृत्तीवर खर्च करण्याआधी त्या मूळ टेप आणि फाइली नीट जतन करायला हव्यात.